पेपर उघडा, डेटा कुलपात

करोनाच्या साथीत रिसर्च पेपर सगळ्यांना फुकट, लगेच आणि न तपासता वाचायला दिले म्हणूनच आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसारख्या औषधांचा तो सगळा घोळ झाला, असं आजकाल बरेच शहाणेसुरते लोक छातीठोकपणे सांगतात. भाषणांत सांगतात, वाचकांच्या पत्रांत सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. आणि त्यांना उत्तर द्यायला जे उठतात ते त्याहून वाईट भांडतात, त्यांचं एकच पालुपद, ज्ञान सगळ्यांचं, खरंखोटं लोक ठरवतील, आणि मग पुरावा काय तर अमक्या पेपरला किती लाख व्ह्यूज मिळाले. म्हणजे एका बाजूला दाराला कुलूप पाहिजे आणि दुसरी बाजू गर्दीलाच न्यायाधीश करून बसलीय. मला विचाराल तर दोघांचंही निदान चुकलंय. करोनात संशोधन जास्त उघडं झालं हा प्रॉब्लेम नव्हता, ते अर्धवट उघडं झालं हा होता. पेपर कोणालाही दिसत होता, त्यामागचा डेटा मात्र दडलेला, आणि मधे जी पोकळी राहिली तिथं आपण शेअर-लाइकचा आकडा पुरावा म्हणून नेऊन बसवला.

गोव्यात राहून हे बोलताना मे २०२१ विसरून कसं चालेल? टेस्ट केलेल्या दोघांतला जवळजवळ एक पॉझिटिव्ह निघत होता, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, ऑक्सिजनची बोंब होती, ११ मेच्या पहाटे चार तासांत २६ पेशंट गेले. त्याच्या आदल्याच दिवशी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलेलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं, करोना असो नसो, आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध १२ मिलिग्रॅम पाच दिवस घ्यायचं. आधार काय, तर ब्रिटन, इटली, स्पेन आणि जपानमधल्या तज्ज्ञांना या औषधानं मृत्यूंत मोठी घट झालेली दिसली. देश चार, पण कुठला पेपर, किती पेशंट, कोणी तपासला, हे लोकांपर्यंत आलंच नाही. दुसऱ्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी सांगितलं की ट्रायलच्या बाहेर करोनासाठी हे औषध वापरू नये असंच संघटनेचं मत आहे. आणि गंमत बघा, हे औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीनं फेब्रुवारीतच सांगून टाकलेलं की करोनावर याचा उपयोग होतो असा अर्थपूर्ण पुरावा नाही. आमचा माल याच्यासाठी चालत नाही असं दुकानदार स्वतः सांगतोय आणि गिऱ्हाईक ऐकायला तयार नाही! त्या दिवसांत फार्मसीच्या काउंटरवर स्ट्रिप मागणाऱ्याच्या एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर कुठल्याशा पेपरच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यातलं एकच वाक्य पिवळ्या रंगानं रंगवलेलं.

तो स्क्रीनशॉट हा कुलूपवाल्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि तो मी हातचं न राखता मान्य करतो. मेडआरकाइव्ह या वैद्यकीय साइटवरच्या प्रीप्रिंटच्या, म्हणजे जर्नलात छापायच्या आधीच ऑनलाइन टाकलेल्या पेपरच्या, पहिल्याच पानावर तळाशी स्पष्ट छापलेलं असतं की हे संशोधन अजून पीअर रिव्ह्यू झालेलं नाही, म्हणजे त्या विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलेलं नाही, यावरून पेशंटवर उपचार ठरवू नका. स्क्रीनशॉट काढताना नेमकी ती तळाची ओळ कापली जाते, मुद्दाम असं नाही, मोबाइलच्या स्क्रीनवर ती मावतच नाही, आणि एवढ्यानं एक कच्चा मसुदा 'संशोधनानं सिद्ध' होऊन फिरायला लागतो. दुसरं उदाहरण तर साथ धड सुरू व्हायच्या आतलं. ३१ जानेवारी २०२० ला बायोआरकाइव्ह या तशाच जीवशास्त्राच्या साइटवर दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट आला, नव्या विषाणूचं एचआयव्हीशी गूढ साम्य आहे म्हणून. इतर शास्त्रज्ञांनी तो तिथल्या तिथे फाडला, २ फेब्रुवारीला लेखकांनी मागे घेतला, पण तोवर तो त्या काळातल्या सगळ्यात जास्त चर्चा झालेल्या पेपरांत जाऊन बसलेला. मागे घेतल्याची बातमी त्याच्या पाठोपाठ तेवढ्या लांब गेली का? छे! अजूनही कोणीतरी चहाच्या गाड्यावर 'लॅबमधे एचआयव्ही घुसवलाय' म्हणून सांगतो, आणि सांगणारा काही अडाणी नसतो.

सगळं खरं. पण मग बंद दाराच्या आत, जिथं तज्ज्ञ तपासून मगच छापतात, तिथं काय चाललेलं? २२ मे २०२० ला लॅन्सेटमधे, म्हणजे वैद्यकातल्या सगळ्यात मानाच्या जर्नलांपैकी एकात, पीअर रिव्ह्यू होऊन पेपर आला की हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियावरच्या औषधानं करोनाचे पेशंट उलट जास्त दगावतात. ९६,००० पेशंट, ६७१ हॉस्पिटलं. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपली त्या औषधाची ट्रायल थांबवली. डेटा होता सर्जिस्फिअर नावाच्या एका कंपनीकडे आणि तो कोणालाच बघायला मिळाला नव्हता. मग पकडलं कसं? तर पेपरात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातले ७३ मृत्यू धरलेले आणि सगळ्यांना उघड दिसणाऱ्या आकडेवारीत त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात होते ६७. सहा माणसं आली कुठून? आठवड्याभरात शंभरावर संशोधकांनी खुलं पत्र ऑनलाइन टाकलं, कंपनीनं मूळ डेटा दाखवायला नकार दिला, ४ जूनला पेपर मागे. याच औषधाचा उदो उदो करणारा मार्च २०२० चा फ्रेंच पेपर, ज्याच्यावरून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ट्वीट केलं, तोही प्रीप्रिंट म्हणून थांबलेला नव्हता, रीतसर जर्नलात छापलेला होता, तोसुद्धा अवघ्या काही दिवसांत स्वीकारून, आणि तो मागे घ्यायला डिसेंबर २०२४ उजाडला. मग चाळण कुठली चांगली म्हणायची?

त्याच्याही मागे जाऊ. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनं मुलांना ऑटिझम होतो ही आवई १९९८ च्या लॅन्सेटमधल्या वेकफील्डच्या पेपरनं उठवली, मुलं मोजून बारा. तेव्हा वैद्यकात प्रीप्रिंट नव्हते, ट्विटर नव्हतं, सगळं सोवळ्यात. पेपर मागे घ्यायला बारा वर्षं लागली, आणि आजही लसीकरणाला घरी आलेल्या आशाताईंना कोणीतरी तोच प्रश्न विचारतोच. दिल्लीवाल्यांचा उघडा प्रीप्रिंट दोन दिवसांत उतरला, लॅन्सेटचा बंद पेपर बारा वर्षं टिकला, आणि तरी दोष उघडेपणाचा? आणि प्रीप्रिंट म्हणजे सगळा कचरा असंही नाही. प्लॉस बायॉलॉजी या जर्नलात २०२२ साली एक अभ्यास आला, त्यात करोनाचे प्रीप्रिंट आणि नंतर जर्नलात छापलेले तेच पेपर शेजारी ठेवून बघितले, तर १७ टक्क्यांच्या आसपास सारांशांतल्या निष्कर्षांत नोंद घेण्यासारखा बदल झालेला, बाकीच्या विषयांत ७ टक्के. म्हणजे करोनात घाई होती हे दिसतंच. पण त्या बदलांतलेही बहुतेक निष्कर्ष उलटवणारे नव्हते.

आता आयव्हरमेक्टिनचंच बघा, कारण ते आपल्या घरातलं. या औषधाच्या बाजूनं सगळ्यात जड वजन टाकणारा अभ्यास होता इजिप्तमधला, एलगझार यांचा, नोव्हेंबर २०२० मधे रिसर्च स्क्वेअर या साइटवर टाकलेला प्रीप्रिंट. दीड लाखांवर लोकांनी तो बघितला, तीसेक पेपरांनी त्याचा आधार घेतला, आणि सगळ्या अभ्यासांची बेरीज करून 'मृत्यू कमी होतात' असं सांगणारे जे मेटा-अ‍ॅनालिसिस आले त्यांत हा मोठा वाटेकरी. जुलै २०२१ मधे तो उतरवला गेला. कोणामुळे? कुठल्या समितीमुळे नाही, लंडनमधल्या एका मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्यामुळे. त्याला वाचताना काही उतारे दुसरीकडून उचललेले वाटले, म्हणून तो मूळ डेटाच्या मागे लागला. डेटाची फाइल ऑनलाइन होती पण तिला पासवर्ड. त्यानं अंदाजानं टाकून बघितला. १२३४. फाइल उघडली तर अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले पेशंट त्यात अभ्यासातले मृत्यू म्हणून मोजलेले! हा पेपर काढून टाकल्यावर त्यातलं एक जर्नलात छापून आलेलं मेटा-अ‍ॅनालिसिस लेखकांना मागे घेऊन पुन्हा करावं लागलं, आणि मृत्यू घटल्याचा तो फायदा उरलाच नाही. पुढे मार्च २०२२ मधे ब्राझीलमधल्या १३५८ पेशंटांवरची नीट केलेली ट्रायल आली, तिच्यातही हॉस्पिटलात जायची वेळ काही कमी झाली नव्हती.

आता सांगा, इथं चूक कुठं झाली? दीड लाख लोकांना पेपर वाचता आला यात, की त्या दीड लाखांतल्या कोणालाही आठ महिने फाइल उघडून बघता आली नाही यात? पासवर्ड नसता तर हे काम डिसेंबरातच झालं असतं. आमच्याकडे मेमधे गोळ्या वाटायची घोषणा व्हायच्या आधी पाच महिने. पाच महिन्यांनी आमचा निर्णय बदलला असता असं मी छातीठोक म्हणणार नाही, सरकारी निर्णय पेपर वाचून होतात हे गृहीत धरणंच मुळात धाडसाचं आहे, पण निदान विरोध करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात काहीतरी आलं असतं.

इथं गर्दीच्या आकड्याकडे येतो. पेपरच्या बाजूला रंगीत गोल कडं दिसतं ना, मधे आकडा असलेलं, ते ऑल्टमेट्रिकचं, पेपरची ऑनलाइन चर्चा मोजणाऱ्या कंपनीचं. निळा रंग म्हणजे ट्विटर (आताचं एक्स), लाल म्हणजे बातम्या, विकिपीडियाचा वेगळा, सरकारी धोरणांच्या कागदांचा वेगळा. कल्पना २०१० ची, आणि मूळ हेतू खरंच चांगला होता. एखाद्या पेपरला दुसऱ्या शास्त्रज्ञांनी किती वेळा उद्धृत केलं हे कळायला वर्षं जातात, तोवर त्याची चर्चा कुठं होतेय हे तरी बघू, एवढंच. हा आकडा दर्जा मोजत नाही, लक्ष मोजतो, असं बनवणारेच सांगत आलेत. पण मधोमध मोठ्ठा आकडा लिहिला की माणूस तो मार्क म्हणूनच वाचणार. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या बाईभोवती गर्दी तिचं मासळी विकायचं कसब मोठं असेल, पण बांगडा ताजा आहे का ते आपण कल्ला उघडून बघतो, गिऱ्हाइकं मोजून नाही. मागे घेतलेले पेपरसुद्धा या कड्यात रंगीबेरंगी दिसतात, कारण शिव्यासुद्धा मोजल्या जातात.

आणि याची दुसरी बाजू जास्त वाईट, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आला. शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ ला सापडलेला हा रोग, गोचिडीतून माणसाला होतो, आणि तो नेमका काजूच्या हंगामात, कारण तेव्हाच माणसं दिवसभर बागायतीत वाकून पाचोळ्यातून बिया वेचत असतात, हात-पाय उघडे, आणि वर झाडावर किंवा जवळपास माकडं मेलेली. काजूबागायतीतल्या कामगारांना या विषाणूची किती लागण झाली यावर गोव्यातच अभ्यास झाला, २०१७ मधे आंतरराष्ट्रीय जर्नलात आला, वाचायला फुकट. वाळपईच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, पंचायतीला, बागायतदाराला यापेक्षा कामाचा पेपर कुठला? पण तो ट्रेंड कुठं झाला? सत्तरीतले काजू वेचणारे ट्वीट करत नाहीत. लक्ष मोजून महत्त्व ठरवायचं तर लंडन-न्यूयॉर्कची सर्दी नेहमीच सत्तरीच्या तापापेक्षा महत्त्वाची ठरणार. म्हणून गर्दीवाल्यांना माझं सांगणं, तुम्ही उघडेपणाची बाजू घेताय असं तुम्हाला वाटतं, पण व्ह्यूज दाखवून तुम्ही तिचं नुकसानच करताय.

बंद दाराची किंमतही कोणीतरी मोजतंच. पश्चिम आफ्रिकेत इबोलानं हजारो माणसं गेल्यावर लायबेरियाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी २०१५ मधे लिहिलं की आमच्या देशात इबोला असण्याची शक्यता आहे हे १९८२ च्या एका युरोपियन जर्नलात छापलेलं होतं. आम्हाला माहीतच नव्हतं. असा एखादा पेपर उतरवून घ्यायला ४५ डॉलर, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार. तपासलेलं, छापलेलं, बरोबर असलेलं ज्ञान, आणि ज्यांच्या अंगणात मरण येणार त्यांच्यापासूनच लपलेलं! याच्या उलट जानेवारी २०२० मधे चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा जनुकीय आराखडा, ऑनलाइन टाकला म्हणून तर टेस्ट आणि लशी इतक्या लवकर आल्या. त्याच वर्षी १६ जूनला ऑक्सफर्डवाल्यांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात हे आधी प्रेसनोटनं सांगितलं आणि प्रीप्रिंट आला २२ जूनला, त्या मधल्या दिवसांत जगभरचे डॉक्टर आकड्यांचं टेबल दाखवा, टेबल दाखवा करत होते. का? कारण टेबलात हेही दिसतं की ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना याचा फायदा नाही. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरी बसून पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेणाऱ्यांनी पेपर वाचला नव्हता, हेडलाइन वाचलेली.

आणि गोव्याला हा विषय काही नवा नाही. भारतातला पहिला छापखाना आला तो इथं, १५५६ ला, आणि १५६३ मधे गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक इथंच छापलं गेलं. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे, संध्याकाळी तिथं बसणाऱ्या किती जणांना तो कोण ते माहीत असेल देव जाणे. हा माणूस अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य, तिथल्या हकिमांशी वाद घालून, त्यांचं ऐकून शिकलेला. त्या काळी विद्वानांनी लिहायचं ते लॅटिनमधे, यानं लिहिलं साध्या पोर्तुगीजमधे, तेही संवादाच्या रूपात, एक पुस्तकी पंडित ग्रीक-रोमन ग्रंथांचे दाखले देतोय आणि ओर्ता त्याला म्हणतोय, मी इथं डोळ्यांनी काय बघितलं ते ऐक. आपल्याकडच्या मोडशीचं, पटकीचं वर्णनही त्यात आहे. पण छपाई इतकी गचाळ की मागे वीस पानांचं शुद्धिपत्र, आणि त्याच्या शेवटी कबुली की यातही सगळ्या चुका आल्या नसतील! आजच्या कुलूपवाल्याला दाखवलं तर म्हणेल, आधी नीट तपासा, मग छापा. तसं केलं असतं तर काय झालं असतं? तेव्हा तपासणारं खातं म्हणजे १५६० पासून इथं बसलेलं इन्क्विझिशन, कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय, आणि ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला, त्याच्या मरणानंतर त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मधे त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर सुटलेलं. छापल्यापासून चार वर्षांतच क्लुसियस या युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप काढलेला आणि ते युरोपभर गेलं. वीस पानांच्या चुकांसकट उघड्यावर आलेलं ते पुस्तक अजून वाचलं जातं. मला त्यातलं शुद्धिपत्र सगळ्यात आवडतं, ते पुस्तकालाच जोडलेलं आहे, जिथं चूक जाते तिथं दुरुस्तीही जाते. प्रीप्रिंटवाल्यांना अजून हे जमलेलं नाही, जर्नलवाल्यांना तर अजिबात नाही.

पैशांचा मुद्दा राहिला, आणि तो ओपन अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचायला देण्याच्या, विरोधातला सगळ्यात खरा मुद्दा, पण कुलूपवाले नेमका तोच मांडत नाहीत. वाचणाऱ्याला फुकट म्हणजे लिहिणाऱ्याला बिल. नेचर या नावाजलेल्या जर्नलनं २०२१ पासून खुल्या पेपरसाठी ९५०० युरो लावले, तेव्हाच्या भावानं आठ लाखांच्या वर. गोव्यातल्या कुठल्या कॉलेजचा प्राध्यापक हे भरणार? मग तो वळतो चार दिवसांत काहीही छापणाऱ्या भामट्या जर्नलांकडे, त्यांचं पीक आपल्या देशात किती ते वेगळं सांगायला नको. पण हा दोष उघडेपणाचा नाही, धंद्याचा. करंट सायन्स हे आपल्या देशातलं जर्नल १९३२ पासून चालू आहे, वाचायला फुकट आहे. दोनापावलच्या एनआयओनं, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं, आपल्या शास्त्रज्ञांचे पेपर स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवायला करोनाच्या कितीतरी आधी सुरुवात केली, त्याला पेपरमागे लाखोंचं बिल भरावं लागलं नाही. नोव्हेंबर २०२४ मधे केंद्रानं वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नलांची वर्गणी देशासाठी एकत्र भरायची योजना, मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, १३,००० च्या आसपास जर्नलं, ताळगावच्या विद्यापीठातल्या मुलांना त्याचा फायदा आहेच, नाही कशाला म्हणू. पण ती खिडकी सरकारी शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. काणकोणात खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, पणजीतला पत्रकार, घोषणा खरी की खोटी ते बघू इच्छिणारा निवृत्त मास्तर, हे सगळे बाहेरच. आणि लंडनच्या त्या विद्यार्थ्यासारखं काम करणारा उद्या इथं कोणी निघाला तर तो याच बाहेरच्यांतला असणार. सामान्य माणसाला पेपर कळत नाही हा आक्षेप मला म्हणूनच पोकळ वाटतो. सगळ्यांना कळायची गरजच नाही. ज्या एकाला कळतो तो कुठं बसलाय ते आधी माहीत नसतं, म्हणून सगळ्यांना उघडं ठेवायचं.

राहता राहिलं सरकार. शास्त्रज्ञांकडून डेटा मागायचा आणि सरकारकडून फक्त पत्रकार परिषद ऐकायची, हा कुठला न्याय? पुढच्या साथीत आमच्या आरोग्य खात्यानं कुठलंही औषध सरसकट वाटायचं ठरवलं तर त्याच दिवशी एक पीडीएफ वेबसाइटवर टाकावी, कुठले पेपर बघितले, त्यातले प्रीप्रिंट कुठले, कोणाचा डेटा उपलब्ध आहे आणि कोणाचा नाही, समितीत कोण होतं आणि विरोध कोणी केला. मराठीत आणि कोंकणीतही. आणि त्या यादीतला एखादा पेपर मागे घेतला गेला तर ते कळवायचं काम कोणाचं हेही त्यातच लिहावं, कारण जुलै २०२१ मधे तो इजिप्तचा पेपर उतरवला तेव्हा गावोगावच्या फार्मसीत, पंचायतीत, आरोग्य उपकेंद्रात ते कोणीच कळवलं नाही. गोळ्या पोचवायला आरोग्य केंद्रं होती, ही बातमी पोचवायला कोणाला नेमलेलंच नव्हतं.